जिलबी: अर्थ काय, मूळ कुठलं? (आणि 'जलवल्लिका' हा खरा शब्द आहे का?)

चकलीताई:

मंडळी, घरात युद्ध पेटलंय, तेव्हा जाणकारांनी धावून यावं.

धाकट्या मावसभावाचं लग्न आहे. मेनू कार्ड लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण म्हणे माझं शुद्धलेखन बरं आहे. पंगतीचं जेवण आहे, बुफे नाही. मी सरळ लिहून टाकलं: वरणभात, मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, जिलबी, मठ्ठा. थोरल्या मामांनी कच्चा कागद पाहिला आणि जिलबीवर लाल पेनाने फुली मारली. म्हणाले, "हा यावनी शब्द मंगलकार्याच्या कागदावर नको. मूळ संस्कृत शब्द जलवल्लिका आहे, तो लिही. जल म्हणजे पाणी, वल्लिका म्हणजे वेल. पाकाचं पाणी भरलेली वेल. त्याचाच अपभ्रंश होऊन जिलबी झाली."

मी विचारलं, मामा, शब्द यावनी आहे की संस्कृतचा अपभ्रंश आहे? दोन्ही कसं असेल? त्यावर उत्तर आलं, "तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा असतो." विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. मी इथे आले.

तर माझे प्रश्न असे. जिलबी या शब्दाला मुळात काही अर्थ आहे का? जलवल्लिका हा शब्द कुठल्या जुन्या पोथीत खरोखर आहे, की हल्ली कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर तयार केलाय? आणि छापखान्यातल्या पोराने प्रुफात परस्पर 'जिलेबी' केलंय, त्यातलं बरोबर काय धरायचं?

कृपया 'खायला मिळाल्याशी कारण' असे प्रतिसाद देऊ नयेत. ते मामींनी आधीच दिलेले आहेत.

---

तळणीतला:

खायला मिळाल्याशी कारण.

(माफी. राहवलं नाही.)

एक मात्र सांगतो. लाडू वळतात, करंजी भरतात, पोळी लाटतात, पण जिलबी पाडतात. शेव पाडतात, चकल्या पाडतात, तशीच. आणि आंतरजालावर कामधंदा नसलेले लोक रोज उठून धागे आणि कविता प्रसवतात, त्यालाही 'जिलब्या पाडणे' असंच म्हणतात. तेव्हा हा धागा जिलबीवरची जिलबी आहे. जाणकार येईपर्यंत मी कोपऱ्यात बसतो.

---

मोडीवाचक:

चकलीताई, मामांचं अर्धं बरोबर आहे. शब्द बाहेरून आलाय हे खरं. तो जलवल्लिकेवरून झाला हे खरं नाही. दोन्ही एकदम असू शकत नाही हे तुम्ही पकडलंतच.

मला जुनी मोडी कागदपत्रं वाचायचा नाद आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली मराठी पत्रं वाचायची तर फारसीशिवाय पान हलत नाही, म्हणून त्या भाषेची थोडी ओळख झाली. त्या आधारावर लिहितो.

मूळ शब्द अरबी: झलाबिया किंवा झुलाबिया. फारसीत तो झलीबिया झाला आणि आजच्या इराणात झुलबिया म्हणतात. रमजानात तिथे झुलबिया आणि बामिये ही जोडी मिठाईच्या दुकानांत रचून ठेवलेली असते. तिकडे अल्जीरिया-ट्युनिशियापर्यंत गेलात तर 'झ्लाबिया' मिळेल आणि ती बघून तुम्ही न विचारता जिलबी म्हणाल. इजिप्त-लेबनॉनकडे त्याच नावाने तळलेले पिठाचे गोळेसुद्धा विकतात. नाव एक, आकार हजार. अर्थ विचारलात, तर त्या भाषांतही झलाबिया म्हणजे हा तळून गोड केलेला पदार्थच. मराठीत येताना शब्द एवढाच अर्थ घेऊन आला. पाणी नाही, वेल नाही.

आता 'जलवल्लिका' का नाही, ते सांगतो. लोक काय करतात, शब्दाची फोड करून अर्थ जुळतो का ते बघतात. जल अधिक वल्ली, व्वा, किती छान जुळलं! मला नेमका तिथेच संशय येतो. अर्थ कशाचाही कशाशीही जुळवता येतो, वळणदार पदार्थाला तर हमखास. उच्चार मात्र असे वाकत नाहीत. संस्कृतातून प्राकृतातून मराठीत आलेल्या शब्दांच्या अक्षरांना ठरावीक सवयी असतात.

'ल' घ्या. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा बहुतेक वेळा ळ होतो. फल-फळ, जल-जळ, काल-काळ, कमल-कमळ. आणि जोड ल्ल असेल तर त्याचा साधा ल उरतो. भल्ल-भाला, पल्लव-पालवी, वल्ली-वेल. म्हणजे जलवल्लिका हा शब्द लोकांच्या तोंडून घासत घासत आपल्यापर्यंत आला असता, तर त्याचं 'जळवेल'सारखं काहीतरी झालं असतं. जिलबीत ळ कुठे आहे? फारसी-अरबी शब्दांतला ल मात्र मराठीने जसाच्या तसा ठेवलाय: कलम, गुलाब, मुलूख, हलवा. जिलबी या रांगेत बसते.

मग 'ब'. वल्लिकेच्या व चा ब कुणी केला? ही सवय हिंदी-बंगालीची. त्यांचा बाघ, आपला वाघ. त्यांची बिजली, आपली वीज. मराठी व ला धरून बसते. झलाबियात ब आधीपासून आहे, तिथे काही करावंच लागत नाही.

राहिला 'ज'. इथे जरा थांबतो, कारण हा माझा आवडता भाग आहे. फारसीतला झेडसारखा उच्चार मराठीने जुन्या काळी ज या अक्षराने लिहिला. जमीन, जोर, बाजार, कर्ज, अर्ज, जामीन. (आज आपण तोच उच्चार झ ने लिहितो, झेरॉक्सवाल्याची पाटी बघा.) या सगळ्यांत आपण जहाजातला दंत्य ज उच्चारतो. पण ज च्या पुढे इ किंवा ए आला की मराठीला तो उच्चार जमत नाही, तिथे जीव-जेवणातला तालव्य ज येतो. अरबीतून फारसीमार्गे आलेले जिल्हा आणि जिद्द हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. फारसी माणूस त्यांत झ म्हणतो, आपण जीवातला ज म्हणतो. जिलबीचंही तेच झालं.

आणि मामांना सांगा, यावनी शब्द नको असतील तर हलवा, बर्फी, सरबत आणि मुरंबा यांच्यावरही लाल पेन चालवावं लागेल. मुरंबा म्हणजे अरबी 'मुरब्बा', मध्ये एक अनुस्वार आपण घुसवला आणि तो इतका आपला झाला की आजीच्या बरणीशिवाय दुसरं काही आठवत नाही.

---

वैद्यबुवा:

मोडीवाचक, तुमची अक्षरांची मोड चांगली आहे, पण एक ग्रंथ तुम्ही विसरलात. काहीही चांगलं दिसलं की ते बाहेरून आलं असं म्हणण्याची आता सवयच लागली आहे.

भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात कृतान्नवर्गात, म्हणजे तयार अन्नाच्या प्रकरणात, 'कुंडलिनी' नावाचा पदार्थ आहे. कृती अशी (प्रस्थ आणि शराव ही जुनी मापं). नवा मातीचा घट घ्यावा आणि त्याला आतून अर्धा प्रस्थ आंबट दही लावावं. दोन प्रस्थ समिता, म्हणजे गव्हाचं मुलायम पीठ, त्यात एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप घालून घोळावं आणि त्या घटात ओतावं. पीठ आंबेपर्यंत घट उन्हात ठेवावा. मग भोक असलेल्या भांड्यात ते पीठ घेऊन, भांडं फिरवत फिरवत, तापलेल्या तुपात सोडावं. नीट तळलं की काढून, कापरासारखं सुगंधी द्रव्य घातलेल्या साखरेच्या पातळ पाकात त्याला न्हाऊ घालावं. गुणही दिलेत: पुष्टी, कांती आणि बल देणारी, रुची आणणारी.

आता ही जिलबी नाही तर काय आहे? मामांचा शब्द चुकला असेल. पदार्थ इथलाच आहे.

---

हलवायाची_लेक:

वैद्यबुवा, ही कृती वाचून अंगावर काटा आला! यातलं एकही वाक्य आमच्या भट्टीवर परकं वाटणार नाही.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे 'जिलेबी' म्हणतात, चकलीताईंच्या छापखान्यातलं पोरगं बहुतेक आमच्याकडचंच असावं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला अख्ख्या कोल्हापुरात चौकाचौकांत मांडव घालून जिलेबी विकतात. झेंडावंदन झालं की माणसं शाळेतून थेट जिलेबीच्या रांगेत. वडलांचं दुकान असल्यामुळे त्या दोन सकाळी आम्हा भावंडांना सुट्टी म्हणून कधी मिळाली नाही.

आता कृतीबद्दल. घटाला आतून दही लावणं म्हणजे विरजण लावणं. वडील आंबवणाचं भांडं कधी लख्ख घासू देत नसत, कडेला जुनं थोडं राहिलंच पाहिजे. त्यावर नवं पीठ लवकर येतं. मातीचा घट उन्हात ठेवणं म्हणजे ऊब देणं. थंडीत आम्ही पिंप भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवायचो, तरी जानेवारीतल्या पिठाला ऑगस्टपेक्षा जास्त वेळ लागायचाच. पीठ आलं की नाही हे वास आणि बुडबुड्यांवरून कळतं, घड्याळावरून नाही. दही घालण्याचं कारण नुसती आंबट चव नाही. आंबलेल्या पिठात हवा धरली जाते, तळताना ती फुगते आणि जिलेबीच्या वळशाची आतून पोकळ नळी होते. पाक त्या नळीत शिरतो. पीठ नीट आलं नसेल तर वळसा भरीव निघतो, पाक नुसता वरून चिकटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, आज मजा नाही.

भोकाच्या भांड्याऐवजी आम्ही जाड फडकं वापरतो. मध्ये भोक पाडून, शर्टाच्या काजासारखं दोऱ्याने शिवून घेतलेलं. न शिवता वापरलं तर भोक वाढत जातं आणि जिलेबीची जाडी बदलते. तळायला खोल कढई चालत नाही. सपाट बुडाची पसरट तई लागते आणि तिच्यात तूप किंवा तेल बेताचंच, नाहीतर वळसे तरंगत एकमेकांत जातात. आणि 'फिरवत फिरवत' हे शब्द ज्याने लिहिले त्याने जिलेबी पाडताना बघितलीय. हात थांबला की तिथे गाठ पडते.

पातळ पाक म्हटलंय ना, तेही बरोबर. आमचा एकतारी. त्यापेक्षा घट्ट झाला तर नळीत शिरत नाही, पातळ राहिला तर जिलेबी मऊ पडते. पाक गरम हवा, उकळता नको. साखर परत धरू नये म्हणून लिंबू पिळायचं. कापूर मात्र आम्ही घालत नाही. केशर म्हणतो आणि रंग घालतो, काय लपवायचं.

शब्दाचं मला कळत नाही, पण ज्याने कुणी हे लिहिलं तो स्वयंपाकघरात उभा राहिलेला माणूस होता एवढं नक्की.

---

मोडीवाचक:

लेकीने जे लिहिलं त्यापुढे माझी अक्षरं म्हणजे कोरडी भाकरी. तरी वैद्यबुवांना उत्तर देणं भाग आहे.

वैद्यबुवा, भावप्रकाशाची कृती शंभर टक्के जिलबीचीच आहे. प्रश्न काळाचा आहे. भावमिश्र सोळाव्या शतकातले. बगदादमध्ये इब्न सय्यार अल्-वर्राक याने दहाव्या शतकात पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात झुलाबिया आहे. आंबवलेलं पीठ, तळण, मग मध. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, इब्न अल्-रूमी या बगदादच्या कवीने झलाबिया तळणाऱ्या आचाऱ्यावर कविता केली. त्यात पीठ चांदीसारखं बोटांतून सुटतं आणि कढईत त्याच्या सोन्याच्या जाळ्या होतात अशी कल्पना आहे. अरबी देशांत याच कुळातल्या एका मिठाईला आजही 'मुशब्बक', म्हणजे जाळीदार, म्हणतात.

आपल्याकडचा जुना पुरावा कुठला? यावर पुण्यातच काम झालंय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंचे इतिहास पोथ्यांतून खणून काढले. नथ, शोभेची दारू, तंबाखू. त्यातच जिलबीही आहे. १४५०च्या सुमाराला जिनसूर या जैन लेखकाने 'प्रियंकरनृपकथा' लिहिली. तीत एका श्रीमंत व्यापाऱ्याकडच्या जेवणाचं वर्णन आहे आणि त्या पानावर जिलबी वाढलेली आहे. पुढे 'गुण्यगुणबोधिनी' नावाच्या संस्कृत ग्रंथात तिची कृती आहे. हा ग्रंथ १६००च्या आधीचा. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या 'भोजनकुतूहला'त ती परत भेटते. हे रघुनाथपंत म्हणजे आपलेच, समर्थ रामदासांच्या परिचयातले आणि पुढे तंजावरच्या मराठी दरबाराशी जोडले गेलेले. म्हणजे जिलबी तोपर्यंत तंजावरपर्यंत पोचून शास्त्रीबुवांच्या पोथीतही बसली होती.

चकलीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कुंडलिका आणि जलवल्लिका ही नावं या जुन्या संस्कृत लेखनाशी जोडलेली आहेत, ती व्हॉट्सअ‍ॅपवर जन्मलेली नाहीत. पण क्रम उलटा आहे. लोक आधी जिलबी म्हणत होते. संस्कृतात लिहिणाऱ्याला तो शब्द श्लोकात घालता येईना, मग त्याने दोन मार्ग काढले. एकाने आकार बघून नाव दिलं: कुंडलिका किंवा कुंडलिनी, वेटोळं घातलेली. हे सरळ नवं नाव आहे, त्यात कुणाला फसवणं नाही. दुसऱ्याने उच्चार पकडला आणि त्याला संस्कृत कपडे चढवले: जलवल्लिका. हा खेळ आपल्याकडे मोठमोठ्या शब्दांशी झालाय. विजयनगरचे राजे स्वतःला 'हिंदूराय सुरत्राण' म्हणवून घेत. सुरत्राण म्हणजे देवांचं रक्षण करणारा असा झकास अर्थ निघतो, पण तो शब्द म्हणजे 'सुलतान'. हम्मीर हा 'अमीर'चा तसाच अवतार. म्हणून सुलतान हा शब्द सुरत्राणवरून आला असं कुणी म्हणत नाही. मग जिलबीवरच अन्याय का?

शिवाजी महाराजांच्या काळातल्या 'राज्यव्यवहारकोशा'ची पद्धत वेगळी होती. तिथे फारसी शब्द उघडपणे समोर ठेवून त्याला संस्कृत प्रतिशब्द दिला जाई. त्यात खाण्यापिण्या-उपभोगाच्या वस्तूंसाठी 'भोग्यवर्ग' असं वेगळं प्रकरणच आहे. मामांना प्रतिशब्दच छापायचा असेल तर त्या परंपरेने त्यांनी खुशाल कुंडलिनी लिहावं. फक्त पंगतीत कुणी योगशिबिराची चौकशी केली तर मी जबाबदार नाही.

वैद्यबुवांच्या मुद्द्यात एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. नाव बाहेरचं म्हणजे सगळं बाहेरचं असं होत नाही. बगदादी झुलाबिया मधात बुडत होती. आपल्याकडे ती आंबट दह्यात आंबली, तुपात तळली गेली आणि साखरेच्या पाकात पडली. आणि या साखरेची गंमत बघा. संस्कृत शर्करा, फारसीत गेली तेव्हा 'शकर', अरबीत 'सुक्कर', आणि तिथून युरोपभर पसरली. आपल्या खांडेचाही असाच प्रवास झाला, ती अरबी 'कंद'च्या वाटेने जाऊन इंग्रजांची कँडी झाली. म्हणजे जिलबीचं नाव पश्चिमेकडून आपल्याकडे आलं, तेव्हा तिच्या पाकाचं नाव आपल्याकडून कधीच पश्चिमेला पोचलेलं होतं.

---

वैद्यबुवा:

काळाचा मुद्दा मान्य. सुरत्राणचं उदाहरण चपखल आहे, हे मला माहीत होतं पण इथे जोडलं नव्हतं.

तरी माझं एक टुमणं राहीलच. पोथीत पहिल्यांदा दिसणं म्हणजे पहिल्यांदा तळणं नव्हे. आपल्याकडे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मांडे, वडे, घारिका, इडरिका असे कितीतरी तळलेले-भाजलेले जिन्नस आहेत. तळण आपल्याला कुणी शिकवलं नाही.

---

मोडीवाचक:

तळण नाहीच शिकवलं. त्याबद्दल वाद नाही. मी फक्त शब्दाचा माग काढतोय आणि शब्द लिहिलेल्या कागदावरच सापडतो. सोमेश्वराची घारिका आजही विदर्भात-कोकणात घारगे म्हणून तळली जाते की नाही, यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

---

तळणीतला:

वा, म्हणजे पुढची जिलबी वैद्यबुवा पाडणार.

एक भर घालतो. हिंदीत विलायती चिंचेला 'जंगल जलेबी' म्हणतात, शेंग तशीच वेटोळी असते म्हणून. आणि ते झाड मूळचं मेक्सिकोकडचं. आता ते झाड कुणी आणलं, ती शेंग कुणी बघितली आणि कुणाला भूक लागली होती, ते तुम्ही ठरवा.

---

चकलीताई:

अहो, काय मेजवानी दिलीत! मोडीवाचक, तुमचा ल-ळ चा नियम मी जेवताना मामांना ऐकवला. ते भाताचा घास हातात धरून "फल-फळ, जल-जळ" असं पुटपुटत होते. वाद घातला नाही, याचीच मला भीती वाटते. सुरत्राण अजून राखून ठेवलाय.

दोन शेपट्या राहिल्या. एक, जिलबी की जिलेबी याचा निकाल कुणी दिला नाही. दोन, आचारी विचारतोय की जिलबीऐवजी इमरती चालेल का, "तीच ती, फक्त फुलाच्या आकाराची". खरंच तीच का? तिचं नाव कुठलं?

---

हलवायाची_लेक:

अजिबात तीच नाही! आचाऱ्याला विचारा, डाळ भिजवणार आहेस का. इमरती उडदाच्या डाळीची असते. डाळ भिजवून, वाटून, फेटून घ्यायची, मैद्यासारखं रात्रभर आंबवणं तिला लागत नाही. आधी गोल कडं, मग त्यावर छोट्या छोट्या वळशांची झालर. जिलेबी कुरकुरीत, इमरती मऊसर आणि आतून थोडी चिवट. मठ्ठ्याबरोबर जिलेबीच हवी. उडदाची इमरती आणि वर ताक, गिळवत नाही. हे माझं मत, दुकानाचं नाही.

मावा जिलेबी हा आणखी वेगळा प्रकार, बुऱ्हाणपूरची प्रसिद्ध आहे ती. तिच्यात खवा असतो, रंगाने काळपट, वजनाला भारी. पंगतीत वाढू नका, लोक पुढचा भात खाणार नाहीत.

---

मोडीवाचक:

इमरतीचं नाव मात्र अमृतावरून आलेलं आहे, बंगालीत ती अजून 'अमृती'च आहे. दक्षिणेत हाच उडदाचा प्रकार 'जांगिरी' म्हणून मिळतो. तेव्हा मामांना अस्सल संस्कृत नावाचा गोड पदार्थ पानावर हवाच असेल, तर इमरती आहे. ती मठ्ठ्याबरोबर कशी लागते ते लेकीने सांगितलंय, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं.

जिलबी-जिलेबीचं म्हणाल तर दोन्ही मराठीच आहेत. हिंदीत जलेबी, बंगालीत जिलिपी, कन्नडात जिलेबी. मूळ शब्दातला मधला लांब स्वर जिलेबीत शिल्लक आहे, जिलबीत तो गळून गेलाय. पुण्या-साताऱ्याकडे जिलबी जास्त ऐकू येते, कोल्हापूरकर काय म्हणतात ते वर आलंच. लग्न कुठे आहे ते बघून ठरवा. फक्त एकाच कार्डावर एकीकडे 'जिलबी' आणि दुसरीकडे 'जिलेब्या' असं होऊ देऊ नका. जिलबी लिहिलंत तर अनेकवचन जिलब्या, जिलेबी लिहिलंत तर जिलेब्या. आणि प्रुफात अळूच्या फदफद्यातला ळ तपासून घ्या, छापखान्यात त्याचा ल होतो.